बिघाड अंगवळणी पडतो तेव्हा

विज्ञानकथेतील तंत्रज्ञानावरच्या अवलंबित्वाचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माणसावर उलटलेले यंत्र येते. या विषयाबाबत सर्वांत कमी सांगणाऱ्या कथा मला याच वाटतात. बंड करणारे यंत्र हा शेवटी एक शत्रूच असतो, आणि शत्रू समोर उभा राहिला की कथेतला माणूस आपोआप शूर, कल्पक आणि स्वावलंबी होतो. कालपर्यंत प्रत्येक कामासाठी यंत्राकडे पाहणारा नायक तासाभरात तुटक्या सामानातून शस्त्रे जोडू लागतो. म्हणजे अवलंबित्वाने त्याचे काहीच बिघडवलेले नसते. ते खरोखर दाखवायचे असेल, तर यंत्र सुरळीत चालू असताना माणसाचे काय होत जाते हे दाखवावे लागते, आणि ते लेखकाची परीक्षा पाहणारे काम आहे, कारण त्या काळात वरवर पाहता काहीच घडत नसते.

ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही दीर्घकथा १९०९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा नभोवाणीची केंद्रेही सुरू झालेली नव्हती. तिच्यातील माणसे जमिनीखाली, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कप्प्यांसारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, हवा, संगीत, औषध, संभाषण सारे एका विराट यंत्राकडून बटण दाबताच मिळते. पडद्यावरून होणाऱ्या व्याख्यानांमुळे आणि गप्पांमुळे आज या कथेचे कौतुक 'भविष्य ओळखणारी कथा' म्हणून होते. ते कौतुक खोटे नाही. तरी तिचे मोठेपण मला दुसरीकडेच दिसते. शेवटच्या भागात यंत्र बंद पडते ते एका क्षणात नाही. आधी संगीतात मधूनच धाप लागल्यासारखे आवाज येऊ लागतात. मग कृत्रिम फळांना बुरशीची चव येते, आंघोळीच्या पाण्याला वास येतो, कविता रचणारे यंत्र यमके चुकवू लागते. प्रत्येक दोषाविरुद्ध सुरुवातीला जोरदार ओरड होते, मग लोक तो सहन करतात आणि थोड्याच काळात विसरतात.

याच भागात एक छोटा संवाद आहे. कथेतील आई, वाश्ती, संगीतातील बिघाडाबद्दल दुरुस्ती समितीकडे तक्रार करते. लवकरच दुरुस्ती होईल, असे ठरलेले उत्तर मिळते. ती मध्यवर्ती समितीकडे जाण्याची धमकी देते, तर मध्यवर्ती समिती व्यक्तिगत तक्रारी स्वीकारत नाही, असे तिला कळते. मग तक्रार करायची कोणामार्फत? आमच्याचमार्फत, असे दुरुस्ती समिती सांगते. आणखी कोणी तक्रार केली आहे का, या तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मात्र समिती नकार देते. ग्राहक सेवेच्या दूरध्वनीवर कधी ताटकळलेल्या कोणालाही हा संवाद शंभर वर्षांपूर्वीचा वाटणार नाही. पुढे एक दिवस दुरुस्ती यंत्रणाच नादुरुस्त झाल्याचे जाहीर होते, आणि तेही लोक पचवतात. एव्हाना यंत्र समग्रपणे समजणारा एकही माणूस उरलेला नसतो. प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा ठाऊक असतो. फॉर्स्टर यांनी इथे जे पाहिले ते पुढच्या अनेक लेखकांच्या नजरेतून निसटले: अवलंबून असलेला समाज बिघाडाला घाबरत नाही, तर आपल्या अपेक्षा बिघाडाच्या मापाने कापून घेतो.

जॅक विल्यमसन यांच्या १९४७ च्या 'विथ फोल्डेड हँड्स' या कथेत बिघाड मुळीच नाही, आणि म्हणून ती अधिक गुदमरवते. माणसाची सेवा करायची आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही, एवढीच आज्ञा पाळणारे काळे, सुबक यंत्रमानव घराघरांत येतात. स्वयंपाकघरातील सुऱ्या धोक्याच्या म्हणून जातात, आणि माणसाला स्वतःच्या हाताने उघडता येईल असे दारही राहत नाही. नायकाची मुलगी व्हायोलिन सोडून देते, कारण यंत्रमानवांइतके चांगले आपल्याला कधीच वाजवता येणार नाही हे तिला कळून चुकलेले असते. इतर सारे हिरावून घेतले जाते. व्हायोलिन मात्र ती आपण होऊन खाली ठेवते, आणि म्हणूनच तो प्रसंग मला सर्वांत बोचतो.

कथाकारांनी अंदाजाने पाहिलेल्या या गोष्टीचा कस पुढे अभ्यासकांनीही लावला. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली 'आयर्नीज ऑफ ऑटोमेशन' हा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की स्वयंचलन करणारा अभियंता सोपी कामे यंत्राकडे देतो आणि जी त्याला यंत्राकडून करवून घेता येत नाहीत तेवढी माणसासाठी ठेवतो. परिणामी माणूस एरवी नुसता पाहत बसतो, सवय मोडल्याने त्याचे कौशल्य गंजते, आणि यंत्राने हात टेकले की नेमक्या त्याच अवघड क्षणी त्याच्याकडून नेहमीपेक्षा अधिक कौशल्याची अपेक्षा केली जाते.

रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे विसंगत झाले आणि स्वयंचालक यंत्रणा आपोआप बंद झाली. विमान उडण्याजोगे होते, तरीही पुढच्या साडेचार मिनिटांत ते समुद्रावर आदळले. नाकाड वर उचलले गेल्याने पंखांची उचल नाहीशी झाली आहे, हे वैमानिकांना उमगले नाही. फ्रेंच तपास यंत्रणेने नंतर ज्या शिफारशी केल्या, त्यांत अधिक उंचीवर हाताने विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा समावेश होता. वैमानिकांना दोष देणे सोपे आहे, पण एरवी त्या उंचीवर विमान कोण चालवत होते, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

तरीही या कथांशी माझे एक भांडण आहे. अवलंबित्व हेच मुळात अधःपतन, असा त्यांचा सूर असतो, आणि तो मला पटत नाही. लेखनकलेने पाठांतराची शक्ती कमी झाली असेल. चष्म्याने, नळाच्या पाण्याने, लसींनी आपण परावलंबी झालो, हेही खरे. त्या परावलंबनाच्या बळावरच कथा लिहायला आणि वाचायला सवड मिळते. फॉर्स्टर यांच्या कथेतील मुलगा, कुनो, मरताना सांगतो की यंत्र पुन्हा कधीही सुरू होणार नाही, मानवजात धडा शिकली आहे. एवढ्या कठोर नजरेच्या लेखकाने शेवटी इतके भाबडे वाक्य पात्राच्या तोंडी का घातले असेल, असे मला नेहमी वाटत आले आहे. यंत्र नकोच म्हणणाऱ्याला ते कसे सांभाळावे हा प्रश्न पडतच नाही. आणि या कथांतून जवळजवळ गायब असलेले पात्र कोणते, तर सांभाळणारा, दुरुस्ती करणारा माणूस. दुरुस्ती समितीचे उत्तर आपल्याला ऐकू येते. पाना हातात घेतलेला कामगार कुठेच दिसत नाही.

या पात्राच्या सर्वांत जवळ गेले आहेत ते आयझॅक असिमॉव्ह, १९५८ च्या 'द फीलिंग ऑफ पॉवर' या कथेत. माणसे अंकगणित पार विसरली आहेत, आणि ऑब नावाचा एक खालच्या श्रेणीचा तंत्रज्ञ कागदावर सतरा गुणिले तेवीस करून तीनशे एक्क्याण्णव हे उत्तर काढून दाखवतो. सेनापतींना आणि राजकारण्यांना आधी ती हातचलाखी वाटते, आणि मग युद्धातील क्षेपणास्त्रांमध्ये महागड्या संगणकाऐवजी स्वस्त माणूस बसवण्याची युक्ती सुचते. कथेचा हा उपरोध जबरदस्त आहे आणि ती गाजली ती त्यासाठीच. पण ऑबला हे ज्ञान सापडले कसे, ते असिमॉव्ह भरभर सांगून टाकतात: संगणकच संगणकांचे आराखडे करू लागण्याच्या आधीच्या काळातील जुनी यंत्रे तो विरंगुळा म्हणून अभ्यासत असतो, आणि ती गुणाकार कसा करतात हे कळल्यावर तेच आपण कागदावर करून पाहतो. लगेच कथा युद्धाकडे वळते, आणि आपला शोध संहारासाठी वापरला जाणार हे सहन न होऊन ऑब आत्महत्या करतो. त्या जुन्या यंत्रांसमोर एकटा बसलेला ऑब पहिल्यांदा कुठे अडला, हातचा घेण्याची रीत त्याला कशी उमगली, आपले उत्तर बरोबर आहे याची खात्री त्याने कशावरून केली, एवढ्यावरच एक पूर्ण कथा उभी राहिली असती, आणि मला ती वाचायला फार आवडली असती.