एकच डेटा, पाच मॉडेल्स

आज ग्रुपमध्ये दिवसभर जर्मनीतल्या ओपन-मोडेक्स प्रकल्पाचा कीस पाडला. ऊर्जाव्यवस्थेचं गणित मांडणाऱ्या पाच संगणकीय मॉडेल्सची त्यात तुलना आहे: बाल्मोरेल, जेनेसिस-मॉड, जेनेसिस-२, ओएमोफ, उर्ब्स. पाचही ओपन सोर्स, पाचांना इनपुट सारखं. ऐकायला सोपं! पण एखादं मॉडेल वर्षाचे सगळे ८७६० तास सोडवतं, एखादं निवडक तासांवर भागवतं, आणि वारा पडलेला आठवडा त्यात सरासरीत विरून जातो. मग बॅटरी किती लागेल याचं उत्तर बदलणारच ना. साठवणुकीत वाया जाणारी वीज चार्जिंगला धरायची, डिस्चार्जला की दोन्हीकडे, यावर आमची अर्धी दुपार गेली. कोणाचं उत्तर बरोबर, हा प्रश्न मला तरी दुय्यम वाटतो. फरक गृहीतकातून आला की मॉडेलच्या मांडणीतून, हे आधी सुटं करायला हवं. उद्या डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या वर्षांतला खर्च आजच्या किमतीत आणायचा दर. भांडणं पक्की 😄