मांडवीवर हातात आलेले दोन एक्के

पणजीला मांडवीतल्या बोटीवर पोकरच्या ५०-१०० च्या (सुरुवातीच्या सक्तीच्या बेट्स) कॅश गेमला, म्हणजे खऱ्या पैशांच्या डावाला बसलो होतो आणि हातात एक्क्यांची जोडी आली, सरासरी २२१ डावांत एकदाच येते ती. समोरचे काका रात्रभर सगळं कॉल करत होते, म्हणजे समोरच्याच्या बेटइतकेच पैसे टाकत होते; रेझ, म्हणजे बेट वाढवणं, एकदाच केलं तेव्हा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) निघाला. अशा माणसासमोर दबून खेळायचंच नाही, सरळ मोठी बेट लावायची, कारण तो पैसे देतोच! फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पानांत, राजा, सत्ती, दुर्री. मी ८००, टर्नला (चौथं पान) २०००, काका शांतपणे चिप्स मोजून कॉल. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) अजून एक सत्ती, मी ४००० लावले आणि काकांनी सगळा ढीग पुढे सरकवला, रात्रीतलं दुसरंच रेझ. एक्के सोडवत नव्हते, पण सोडले. काकांनी स्वतःहून पानं उलटली, राजा-सत्ती, म्हणजे तीन सत्त्या आणि दोन राजांचं फुल हाऊस, माझ्या जोड्यांपेक्षा मोठं.