पत्र्याच्या वर्गांसाठी सरकारी पैसे मागताना: माझा अनुभव

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका महापालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. आमचे काही वर्ग पत्र्याखाली भरतात. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते, तरी दहानंतर तिथं बसवत नाही. खिडकी उघडावी तर गल्लीत यंत्रमाग. टॉवेलच्या सुताची बारीक पांढरी धूळ बाकांवर बसते आणि दुसरीतली पोरं त्या थरावर बोटानं आपलं नाव काढतात. साथ नसतानाही वर्गात कोणी ना कोणी खोकत असतंच.

दिल्लीतल्या एका खासगी शाळेत वर्गातल्या एसीचे पैसे लावले म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. मे २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की हा खर्च पालकांनी सोसायचा. आमच्याकडे आया विड्या वळतात आणि वडील मागावर जातात. इथं वर्गणी काढायची कोणाकडून? म्हणून आम्ही ठरवलं, एसी आणि हवा गाळायची यंत्रं सरकारी पैशातूनच मागायची.

सुरुवातीला सगळ्यात उपयोगी पडले ते एक निवृत्त मुख्याध्यापक. सर म्हणाले, "ताई, नुसता अर्ज देऊ नका. आधी शाळा विकास आराखड्यात घाला. आराखड्यात नाही त्याला लेखाशीर्ष, म्हणजे खर्च टाकायचा सरकारी हिशोबातला रकाना, मिळत नाही." शिक्षण हक्क कायद्यानं हा आराखडा करायचं काम व्यवस्थापन समितीला दिलंय आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. म्हणजे मागणी लिहायचा हक्क आपलाच आहे, आणि हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. आम्ही सभा घेतली, ठराव केला, इतिवृत्तावर सह्या घेतल्या. वाचता न येणाऱ्या आयांना ठराव मोठ्यानं वाचून दाखवला, तेलुगूतूनही समजावला, मग अंगठे घेतले.

समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान येतं. १०१ ते २५० पटाला ५० हजार रुपये. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि विजेचं बिल. त्यातून एसी निघणं शक्यच नव्हतं. मग महापालिकेचा शिक्षण विभाग, जिल्हा वार्षिक योजना आणि आमदार निधी, अशा तिन्हीकडे पत्रं दिली. महापालिकेवर तेव्हा प्रशासक होते, त्यामुळे नगरसेवकाकडे जायची वाटच नव्हती. एका कार्यालयात आमची फाईल कपाटावर पडून राहिली आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे ऐकून आम्ही परत यायचो. आवक क्रमांकाची पोच हातात होती म्हणूनच ती पुढे शोधता आली. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते.

खरी चर्चा झाली ती कनिष्ठ अभियंता पाहणीला आले तेव्हा. ते शिडीवरून वर गेले, पत्र्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. खाली येऊन म्हणाले, "ताई, एसी बसवता येईल. पण दर महिन्याचं बिल कोण भरणार? आणि एवढी वीज ओढायला मंजूर भार आहे का शाळेला?" मग त्यांनी वहीत हिशोब मांडला. बसलेलं एक मूल साधारण ७५ वॉट उष्णता सोडतं. चाळीस मुलांची झाली तीन किलोवॉट, म्हणजे एसीची ताकद टनात मोजतात त्या मापानं जवळजवळ एक टन नुसता मुलांचाच. वर पत्रा आग ओकतोय. दीड टनाचा एक एसी पुरत नाही, दोन लागतात, आणि ते तासाला तीन युनिटच्या आसपास वीज खातात.

मला पटलेला मुद्दा मात्र हवेचा होता. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. चाळीस मुलं दारं-खिडक्या लावून बसवली तर खोली गार होईल, पण हवा कोंदट. कूलर सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो, पण त्याला रोज पाणी लागतं, आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. शिवाय कूलरला खिडकी उघडी ठेवावी लागते, म्हणजे परत तीच सुताची धूळ आत.

म्हणून आम्ही मागणीचे तुकडे केले. पहिला तुकडा पत्र्याचा: वरून ऊन परतवणारा पांढरा लेप, आतून उष्णतारोधक छत. तेलंगणानं २०२३ साली कूल रूफ धोरण आणलंय, त्याचा दाखला मागणीच्या टिपणीत जोडला. आमच्या निम्म्या गल्लीचे नातेवाईक तिकडेच, त्यामुळे ते मिळवणं सोपं गेलं. दुसरा तुकडा पंख्यांचा: जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक वॉटचा, म्हणजे बिल वाढत नाही. त्यासोबत गल्लीच्या विरुद्ध बाजूला एक्झॉस्ट आणि खिडक्यांना बारीक जाळी. तिसरा तुकडा हवा गाळायच्या यंत्रांचा.

टिपणीत अमेरिकेतला २०२० चा एक अभ्यासही घातला. एसी नसलेल्या शाळांत वर्षभराचं तापमान एक अंश फॅरनहाइटनं वाढलं तर त्या वर्षीचं शिकणं सुमारे एक टक्क्यानं घटतं, असं त्यात निघालं. उकाड्याची तक्रार कुणी मनावर घेत नाही, अभ्यास बुडतो म्हटलं की साहेब कागद उलटून बघतात.

शहराच्या हवेसाठीही पैसा येतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि हवेचा दर्जा मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. पण त्याचा भर शहरातली धूळ कमी करण्यावर आहे, वर्गातल्या यंत्रावर नाही. तिथं आम्ही शाळेसमोरच्या मातीच्या कडेला फरशी आणि झाडं मागितली. ती मागणी अजून विचाराधीन आहे.

लेप, छत, पंखे आणि जाळ्यांना तांत्रिक मान्यता मिळाली, मग प्रशासकीय, आणि उन्हाळ्याआधी काम झालं. वर्ग गार झाला असं म्हणणार नाही. पण साडेअकरापर्यंत मुलं वर्गात बसतात आणि बाईंना फळ्याजवळ उभं राहवतं. हवा गाळायच्या यंत्रांची फाईल दोन वर्गांपुरती पुढे सरकली आहे. सुताच्या धुळीत फिल्टर लवकर भरतो, म्हणून यंत्रासोबत तीन वर्षांच्या फिल्टरचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा, असं आम्ही लेखी दिलंय. त्यावर लेखा विभागाची हरकत आली आहे आणि तिचं उत्तर घेऊन आम्ही सोमवारी जाणार आहोत.