त्याने न पाहिलेला करार

एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांचे करार तपासणं हा माझ्या वकिलीचा मोठा भाग आहे. करार हातात आला की मी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी ‘क्लायंट’ या शब्दाची व्याख्या बघते, मग करार संपल्यावरही लागू राहणाऱ्या अटी, मग पेमेंट, शेवटी लवाद, म्हणजे वाद झाला तर कोर्टाबाहेर तो कोण सोडवणार ते. खरी मेख व्याख्येत असते. मानधनाचा आकडा आणि नोटीस पिरियड सोडून लोक काही वाचत नाहीत, आणि एजन्सीला हे पक्कं ठाऊक असतं.

हे प्रकरण परफॉर्मन्स टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर किती भार पेलतं याची चाचणी, करणाऱ्या एका इंजिनीअरचं. एजन्सीमार्फत तो एका मोठ्या कंपनीत काम करत होता. काम चोख, म्हणून तिथल्या मॅनेजरने थेट पगारावर घ्यायची तयारी दाखवली. एजन्सीच्या करारात मात्र अट होती: करार संपल्यापासून बारा महिने क्लायंटकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष काम करायचं नाही, केलं तर वर्षभराच्या मानधनाइतकी भरपाई. आता क्लायंट म्हणजे कोण? ती कंपनी, तिच्या समूहातल्या सगळ्या कंपन्या, आणि एजन्सीने त्याचा रेझ्युमे ज्यांना ज्यांना पाठवला ते सगळे. रेझ्युमे कुणाकुणाला गेला, याची यादी त्याला कधीच मिळाली नव्हती. कुठे जायला बंदी आहे हेच माहीत नसलेला माणूस ती पाळणार कशी?

“मॅडम, सही करताना रिक्रूटर म्हणाली, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे.” हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं तरी संताप येतो. नुसती फॉर्मॅलिटी असेल तर काढून टाका, असं एकदा म्हणून बघावं. कुणी काढत नाही.

कायद्याची बाजू भक्कम होती. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 27 म्हणतं, कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद धंद्याचं गुडविल, म्हणजे त्याचं नाव आणि जमलेलं गिऱ्हाईक, विकणाऱ्याचा. आमचा माणूस काही विकत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये झहीर खानच्या प्रकरणात हे कलम लावलं होतं. त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीने लिहून घेतलं होतं की मुदत संपल्यावरही दुसऱ्याची ऑफर आधी आम्हाला दाखवायची, आम्ही तेवढंच दिलं तर हक्क आमचा. मुदतीनंतरचं ते बंधन टिकलं नाही. करार चालू असतानाची बंधनं मात्र टिकू शकतात, हे 1967 च्या गोलिकरी निकालापासून ठरलेलं आहे. म्हणून मी त्याला पहिल्याच भेटीत बजावलं: नोटीस पिरियड पूर्ण करा, लॅपटॉप परत केल्याची पोच घ्या, एकही स्क्रिप्ट स्वतःच्या मेलवर पाठवू नका, आणि शेवटचा दिवस उलटेपर्यंत कुठेही सही करू नका. त्याने सगळं तंतोतंत पाळलं.

तेवढ्यात एजन्सीने त्याची शेवटची बिलं अडवली. करारातली ओळ दाखवली: क्लायंटकडून पैसे आल्यावरच. इथे माझा हुरूप वाढला, कारण या माणसाने काम सुरू करण्याआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, केलेली होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याचं कलम 15 सांगतं की लेखी करारात काहीही ठरलेलं असो, 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आता हे दिवस मोजायचे कुठून? सेवा स्वीकारल्यापासून, आणि पंधरा दिवसांत कुणी लेखी हरकत घेतली नसेल तर ती स्वीकारली असंच धरतात. मी प्रत्येक बिलासमोर टाइमशीट मंजूर झाल्याची मेल, 45 वा दिवस आणि व्याज असा तक्ता केला आणि नोटिशीला जोडला. असा तक्ता पुढे ठेवला की समोरच्याला आवाज चढवायला जागा उरत नाही. बिलांचे पैसे जमा झाले. व्याजाचं त्यांनी अजून नाव काढलेलं नाही.

मग एजन्सीच्या ऑफिसात बैठक ठरली. त्यांचा कायदा अधिकारी वयाने लहान, पण तयारीचा. लवादाची अटही आम्ही तिथेच काढली: एकमेव लवाद एजन्सीचे संचालक नेमणार, असं लिहिलेलं होतं. वादातल्या एका बाजूने एकट्यानेच लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर चालत नाही, हे त्याने लगेच मान्य केलं. वर्षभराच्या मानधनाच्या भरपाईवर मी करार कायद्याचं कलम 74 दाखवलं: मूळ अट वैध असती तरी तो आकडा फार तर कमाल मर्यादा, मिळणार ती वाजवी भरपाईच. त्यावरही त्याने वाद घातला नाही. इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. का सोपं जात होतं, ते पुढच्या मिनिटाला कळलं.

“मॅडम, आम्ही तुमच्या अशिलांना अडवतच नाही. त्यांनी खुशाल जावं. आम्ही क्लायंटला पत्र पाठवलंय.”

त्याने एक झेरॉक्स पुढे केली. एजन्सी आणि क्लायंट यांच्यातल्या मूळ कराराचं एकच पान. वरच्या खालच्या ओळी काळ्या मार्करने खोडलेल्या, मधला एकच परिच्छेद वाचता येण्यासारखा. एजन्सीने पुरवलेल्या माणसाला क्लायंटने अठरा महिने थेट नोकरीवर घ्यायचं नाही. घेतलं तर त्याच्या वार्षिक पगाराचा ठरावीक हिस्सा एजन्सीला द्यायचा. माझ्या शेजारी बसलेला माणूस ते पान पहिल्यांदाच बघत होता. स्वतःच्या कामाची किंमत दोन कंपन्यांनी आपापसात ठरवलेली, आणि ती त्याला कुणी सांगितलेली नव्हती. तो पुन्हा पुन्हा तोच परिच्छेद वाचत राहिला.

या पानापुढे माझं कलम 27 तोकडं पडत होतं. दोन कंपन्यांनी एकमेकींची माणसं न ओढण्याचं ठरवलं, तर ते बंधन कंपनीवर असतं, माणसावर नाही, या भेदावर दिल्ली उच्च न्यायालयाने 2006 मध्येच अशी अट वैध धरली आहे. कागदावर माणूस मोकळाच आहे. फक्त त्याला घेणाऱ्याला दंड आहे.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. त्यांच्या लीगलने ऑफर होल्डवर ठेवली होती. त्या मॅनेजरची तळमळ खरी होती, पण त्यांच्या एचआरने एजन्सीशी बोलून फी कमी करून घेण्याचा साधा प्रयत्नही केला नाही. माणूस हवा, पण त्याच्यासाठी एक मेल लिहायची तयारी नाही, हे मला अजून पटत नाही.

ब्रिटनमध्ये एजन्स्यांसाठी 2003 ची नियमावली आहे. तिथे ही फी मागायची तर क्लायंटला पर्याय द्यावा लागतो: फी भरा, किंवा माणूस आणखी काही काळ एजन्सीमार्फतच ठेवा आणि मग फुकट घ्या. शिवाय काम संपल्यापासून आठ आठवडे, किंवा सुरू झाल्यापासून चौदा, यातलं जे नंतर येईल ते उलटलं की फीचा हक्कच संपतो. म्हणजे तिथल्या कायद्याने या दुसऱ्या करारातही हात घातला. आपल्याकडे माणसाची सही असलेल्या कागदाला संरक्षण आहे, पण त्याची वाट खरी अडवणारा कागद भलताच असतो.

तो आता दुसऱ्या एजन्सीशी बोलतोय. मसुद्यात मी तीन बदल सुचवले. क्लायंट म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम केलं तेवढाच. रेझ्युमे पाठवण्याआधी त्याची लेखी संमती. आणि क्लायंटसोबतच्या करारात थेट नोकरीबद्दल जी अट आणि जी फी असेल, ती सही करण्याआधी त्याला लेखी कळवायची. पहिले दोन त्यांनी अर्ध्या तासात मान्य केले. तिसऱ्यावर “गोपनीय आहे” एवढंच उत्तर आलं. त्याला काम हवंय, आणि मानधनही बरं आहे. “मॅडम, करू का सही?” अशी त्याची मेल आली आहे, मी अजून उत्तर दिलेलं नाही.