फांदी ओलांडताना

आज पार्ल्यात आमच्या सोसायटीतल्या रेन ट्रीची पावसाळ्याआधीची छाटणी. महापालिकेची परवानगी गेटवर चिकटवलेली. चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो, तो गारच झाला. वर चढणाऱ्या दादांच्या कमरेला पट्टा, त्याचा दोर खोडाभोवती. मध्येच मांडीएवढी फांदी आडवी. वाटलं, आता दोर सोडणार. छे! आधी दुसरा दोर फांदीच्या वरून खोडाला वळसा घालून अडकवला, त्यावर भार टाकून पाहिला, मग पहिला सोडून फांदीच्या वर घेतला. प्रत्येक फांदीला हेच. दोन्ही दोर एकदम सुटले, असं एकदाही नाही. (मी बल्ब बदलताना स्टुलावर स्टूल ठेवतो.)

खाली आल्यावर विचारलं, "दादा, त्या सुक्या फांदीला का नाही बांधला?"

"ती कबुतरांना बसायला."