आज आमच्याकडे बोरन्हाण

संक्रांत ते रथसप्तमी कधीही करता येतं म्हणून ढकलत ढकलत शेवटी आजचा रविवार मिळाला. लेक दीड वर्षाची. काळं झबलं घातलं, पण हलव्याचा मुकुट काही डोक्यावर टिकला नाही, हलवा मात्र चाटून झाला!

शेंगापोळ्या घरीच करायच्या हा सासूबाईंचा हट्ट. बेळगावच्या रविवार पेठेतून शेंगदाणे आणले. मंद आचेवर भाजायचे, साल पाखडून काढायची, कूट अगदी बारीक करायचं आणि गूळ किसून त्यात मळायचा. कूट जाडसर राहिलं की पोळी लाटताना फुटते. सारण कडेपर्यंत पोचलं पाहिजे, तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने लाटायची. “कडा कोरड्या राहिल्या तर ती पोळी नव्हे गं,” इति सासूबाई. शिवाय तीळ लावलेली सज्ज्याची (म्हणजे बाजरीची) भाकरी आणि भरली वांगी. केक आणू या म्हणणारे आमचे अहो चार पोळ्यांनंतर गप्प.

संध्याकाळी टिळकवाडीतली अख्खी गल्ली जमली. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे, चॉकलेटं ओतली आणि पोरं तुटून पडली. शेजारच्या कन्नड आजींनी आरती म्हटली, त्यांच्याकडेही लेकरांना असंच ओततात. उत्सवमूर्ती एक बोर मुठीत धरून बसली होती, कुणाला द्यायला तयार नाही.

फोटो उद्या टाकते. सोफ्याखालून अजून चुरमुरे निघताहेत.