आमची वाटचाल: अंथरायची की टांगायची?

दारावरची पहिली पाटी मी हौसेनं रंगवून घेतली होती, 'आर्ट क्विल्ट स्टुडिओ'. आठवडाभरात तीन जण येऊन गेले. एकाला गादीची खोळ शिवून हवी होती, एकीला सोफ्याची कव्हरं, आणि तिसरीनं विचारलं, "ते क्विलिंगचे कागदी कानातले शिकवता ना?" पाटी उतरवली. आता तिथं नुसतं 'गोधड्या' लिहिलंय. तेव्हापासून चुकीचं माणूस आलेलं नाही. भिंतीवर टांगायची कलाकृती मागायला आलेलं माणूससुद्धा तीच पाटी वाचून आत येतं.

माझी आजी तिला वाकळ म्हणायची. आमच्या सांगली-कोल्हापूरकडचा तो शब्द. पुण्याकडे तिची गोधडी होते, बाळाच्या मापाची केली की दुपटं. उन्हाळ्यात शेतात काम नसलं की आजी ओसरीवर लुगडं पसरायची. खाली त्यातल्या त्यात धड लुगडं, मध्ये फाटकी धोतरं, पटके, सदऱ्यांच्या पाठी, आणि वर पुन्हा लुगडं. कापड सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा, दोन कोपऱ्यांवर विटा आणि चौथ्यावर मी. माझी या धंद्यातली पहिली नोकरी तीच.

आजीचा धावदोरा कडेपासून सुरू व्हायचा. एक फेरी पूर्ण झाली की अर्धा इंच आत दुसरी, असं चौकोनात चौकोन करत मधोमध येऊन दोरा संपायचा. पुढे परदेशी क्विल्टिंगची पुस्तकं हाती आली, तर त्यांत नेमकं उलटं: मधून सुरुवात करा, बाहेर जा, म्हणजे सुरकुती पडत नाही. मी दोन वर्षं तसंच केलं. सगळं सपाट, इस्त्री केल्यासारखं झालं आणि माझं मलाच आवडेना. कडेकडून आत येताना कापड थोडं जास्त उरतं, ते टाक्यांच्या मध्ये फुगतं आणि पाण्यावर वारं सुटावं तशी वाकळ बारीक उठते. ती सुरकुती म्हणजेच वाकळ. पुस्तकं कपाटात गेली.

धंदा मात्र आजीच्या आठवणीनं सुरू झाला नाही. 2004 पासून मी ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल-बिडिंग करायचे. 2008 मध्ये शेजारच्या एक बाई आईच्या सात साड्या घेऊन आल्या. आई जाऊन वर्ष झालं होतं. म्हणाल्या, "नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत." त्या सातांची एक गोधडी केली, दोन्ही बाजू वेगळ्या. त्यातल्या एका साडीवर हळदीचा जुना डाग होता, तो मी खाली दडपणार होते. बाईंनी अडवलं. डाग वर आला. आजही दहांतल्या आठ ऑर्डरी अशाच असतात, आणि भिंतीवरच्या कामाचं भाडं याच गोधड्या भरतात. हे लपवण्यात अर्थ नाही.

बऱ्याच नंतर कळलं, की अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड नावाच्या वस्तीत कृष्णवर्णीय बायका हेच करत आल्यात. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट केली, विटून पांढऱ्या पडलेल्या भागांसकट. त्या वस्तीतल्या क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. 2006 मध्ये तर त्यांची टपाल तिकिटं निघाली. छायाचित्रं मी आमच्या मावशींना दाखवली. मावशी म्हणजे माझ्याकडची पहिली आणि आजही सगळ्यात देखणा टाका घालणारी बाई. त्या निरखून बघत म्हणाल्या, "ह्यांच्याकडं बी इजारी गुडघ्यावरच फाटत्यात की."

किमतीवरून वाद होतातच. "जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा बसून हिशेबच केला. सहा बाय साडेसात फुटांची गोधडी, ओळींत अर्धा इंच अंतर. म्हणजे दोऱ्याची ओळ भरते 1080 फूट, सव्वातीनशे मीटरच्या वर. इंचाला चार टाके धरले तर पन्नास हजारांहून जास्त टाके. एका बाईचे, मान-डोळे सांभाळून, पंधरा दिवस. हा कागद मी फळ्यावर चिकटवलाय. वाचून निम्मे लोक गप्प बसतात, उरलेले म्हणतात, "मग मशीनवर का नाही मारत?"

चिंध्याही आता फुकट राहिलेल्या नाहीत. मऊ झालेलं सुती लुगडं मिळणं अवघड झालंय, कारण ज्या पिढीनं ते नेसलं ती पिढीच सरत चाललीय. घरोघरी जुन्या म्हणून निघतात त्या सिंथेटिक साड्या. त्यांवरून सुई घसरते, घाम शोषला जात नाही, दोन धुण्यांत थर एकमेकांपासून सुटतात. म्हणून आम्ही भांडीवाल्या बोहारणींशी जमवून घेतलंय. सुती निघालं की त्या आमच्यासाठी बाजूला ठेवतात. भाव करण्यात त्यांच्यापुढे माझा कधीच टिकाव लागलेला नाही.

भिंतीवरची पहिली वाकळ 2011 ची. काळ्या चंद्रकळेचे तुकडे, गुळेदगुड्डच्या खणाच्या दोन पट्ट्या, बाकी सगळा पांढरा धावदोरा. मी ती खोलीत टांगली, तर मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या. "भित्तीला वाकळ टांगत्यात व्हय कुठं?" हाच प्रश्न पुढे मुंबईतल्या एका कलादालनात जरा सभ्य भाषेत विचारला गेला. अर्जात 'माध्यम' या रकान्यात तैलरंग, जलरंग, शिल्प असं सगळं होतं. मी 'इतर' वर खूण केली. उत्तर आलं, की ही हस्तकला आहे, हिच्यासाठी हस्तकलेची प्रदर्शनं असतात. हस्तकलेच्या प्रदर्शनात गेले तर तिथले म्हणाले, बेडकव्हरचं माप असेल तर सांगा. करसल्लागाराकडेही तेच. करासाठी प्रत्येक मालाला एक क्रमांक असतो: अंथरायची असेल तर 9404 खाली, भिंतीवरची असेल तर 6304 खाली. त्यांनी पेन थांबवून विचारलं, "नक्की काय लिहू, ताई?" पहिली दोन वर्षं माझी वाकळ सरकारदरबारी अंथरूणच होती.

शेवटी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात आम्ही स्वतःच प्रदर्शन मांडलं. टांगण्याची विद्या तिथं ठेच लागून शिकलो. पाच-सहा किलोची वाकळ दोन खिळ्यांना अडकवली की तिच्याच वजनानं जुनं लुगडं खांद्यापाशी विरतं. आता मागच्या अंगाला, वरच्या कडेखाली, चार इंच रुंदीची कापडी नळी शिवतो आणि तिच्यातून लाकडी पट्टी घालतो, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर पसरतो. दिवे मंद ठेवतो; संग्रहालयं कापडासाठी 50 लक्स प्रकाश पुरे मानतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. आणि वाकळ ठेवताना घडी कधीच घालायची नाही, गुंडाळायची. घडीवर धागा मोडतो. या नियमावरून मी कारखान्यात सगळ्यांना पिडलंय.

प्रदर्शनात येणारी बायामाणसं मात्र पाटी लावूनही ऐकत नाहीत. हात लावतात, कोपरा उलटून मागचा टाका बघतात. सुरुवातीला मी धावून जायचे. आता एक वाकळ खास त्यासाठीच खाली, हाताला येईल अशी ठेवते.

मध्येच एकदा कर्नाटकातल्या उत्तर कन्नडात, हल्याळ-यल्लापूरकडे जाऊन आले. पोर्तुगिजांनी गोव्याच्या बाजूनं आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज, सिद्दी, तिथं राहतात. कोकणी बोलतात आणि कवंद, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात. तीही कडेकडून आत! वाकळ पुरी झाली की चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्याला म्हणतात फुला. ते नसले तर कवंद उघडी पडल्यासारखी वाटते, असं ते मानतात. मी परत येऊन आमच्या वाकळेच्या कोपऱ्यांकडे बघितलं तर खरंच उघडी वाटायला लागली. तरी फुला लावले नाहीत. ते त्यांचे आहेत.

ऑगस्ट 2019. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. आमचा कारखाना गावभागात, तळमजल्यावर. वर्षांची जमवलेली सुती लुगडी, सहा तयार वाकळा, दोन मशिनं, सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर चिखलाचा तो वास, आणि कापडांच्या गठ्ठ्यात सगळ्या इरकलींचे रंग एकमेकांत गेलेले. मीठ घाला, व्हिनेगर घाला, सगळे सल्ले मिळाले. गेलेला रंग गेलाच. रस्त्यावर तर घराघरांतली भिजलेली अंथरुणं ढिगानं टाकलेली होती. महापालिकेच्या गाड्या ती उचलून नेत होत्या.

भिंतीवर पाण्याची रेष उमटली होती, जमिनीपासून साडेचार फुटांवर. आम्ही आठवडाभर फक्त धूत होतो. धुतलेलं वाळत घातलं तेव्हा मावशींच्या लक्षात आलं, की काही धोतरांवर चिखलाचा पिवळट पट्टा जिथं पाणी थांबलं तिथंच बसलाय. ती धोतरं वेगळी काढली. पट्टे एका ओळीत जुळवले, रेषेच्या वर स्वच्छ पांढरं, खाली ओघळलेला इरकली लाल आणि निळा. टाके मात्र आजीसारखे. वाकळेचं नाव ठेवलं 'साडेचार फूट', आणि पुढच्या प्रदर्शनात ती बरोब्बर तेवढ्या उंचीवर रेष येईल अशी टांगली. पुण्याचे लोक लांबून बघून पुढे जायचे. सांगलीचं माणूस कोण ते लगेच कळायचं. ते जवळ जाऊन रेषेवर हात ठेवायचं आणि स्वतःच्या छातीशी, खांद्याशी माप घ्यायचं. एका गृहस्थांनी ती विकत मागितली, पण डाग काढून मिळाली तर. दिली नाही. पैशांची गरज होती, हेही सांगून टाकते.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं. या खेपेला शहाणपण होतं, दोन दिवस आधीच सगळं वरच्या मजल्यावर नेलं. 'साडेचार फूट' मावशींनी सगळ्यांच्या आधी उतरवली. खाली गुडघाभर पाणी, वीज गेलेली, आम्ही तिघी वर अडकलो. बाकीच्या गोधड्या गिऱ्हाइकांच्या, त्यांना हात लावायचा नाही. मध्यरात्री गारठा वाढला तशी मावशींनी गुंडाळी सोडली, ती वाकळ आमच्या तिघींवर टाकली आणि म्हणाल्या, "ही आपलीच हाय." मी काही बोलले नाही. जुनं धोतर अंगावर फार ऊबदार लागतं.

सकाळी मला जाग येण्याआधी त्यांनी तिची व्यवस्थित चौपट घडी घालून उशाला ठेवली होती. मधोमध पडलेला तो मोड अजून गेलेला नाही.